मराठी लेखनासाठी लॅपटॉप की डेस्कटॉप? : नांदेड व लातूर परिसरातील अध्यापकांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात अध्यापन आणि संशोधन या दोन्ही अंगांना सारखेच महत्त्व आहे आणि संशोधनाची परिणती अखेर लेखनात होत असते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि १९९९ साली स्वतंत्र जिल्हा झालेला हिंगोली असे चार जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. या परिसरातील अध्यापकाला शोधप्रबंध, शोधनिबंध, चर्चासत्रातील निबंध, प्रश्नपत्रिका, अहवाल असे नानाविध लेखन वर्षभर करावे लागते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांच्या पिढीपर्यंत हे लेखन कागद आणि लेखणी यांच्या आधारे होत असे. आज ते बहुतांशी संगणकावर होते. साहजिकच लेखनासाठी लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, हा प्रश्न अध्यापकासमोर उभा राहतो.

हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा वाटतो. दुकानात गेल्यावर किंमत, स्मरणक्षमता आणि प्रोसेसर यांची चर्चा होते. परंतु ज्याला मराठीत दोन-तीनशे पृष्ठांचा प्रबंध लिहावयाचा आहे, त्याच्यासाठी निर्णायक ठरणाऱ्या बाबी वेगळ्याच आहेत. लेखन कोण टंकित करणार, कोठे बसून करणार, वीज गेल्यास काय होणार आणि लिहिलेला मजकूर दहा वर्षांनी वाचता येणार की नाही, हे ते प्रश्न होत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे दोन्ही यंत्रांचा तौलनिक विचार केला आहे.

दोन यंत्रांची पार्श्वभूमी

डेस्कटॉप आधी आला आणि लॅपटॉप फार नंतर आला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दोन्ही कल्पना जवळपास समवयस्क आहेत. आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'ऑस्बोर्न १' हा उचलून नेता येणारा संगणक अमेरिकेत विक्रीस आला होता. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, पडदा अवघा पाच इंचांचा होता आणि त्यात बॅटरी नव्हती. म्हणजे तो हलवता येत असला, तरी वापरण्यासाठी विजेचा खटका आवश्यकच होता. पुढे लिथियम-आयन बॅटरी १९९१ पासून व्यापारी स्वरूपात उपलब्ध झाली आणि लॅपटॉपला खरे स्वातंत्र्य मिळाले. २००८ च्या उत्तरार्धात जगभरातील लॅपटॉपच्या विक्रीने प्रथमच डेस्कटॉपच्या विक्रीला मागे टाकले.

मात्र जगात अधिक विकले जाणारे यंत्र लेखनासाठी अधिक सोयीचे असतेच असे नाही. लॅपटॉप लोकप्रिय झाला तो मुख्यतः हलवता येतो म्हणून. लेखनाला स्थैर्याची गरज असते. या दोन गरजांचा मेळ कसा घालावा, हाच या निवडीचा गाभा आहे.

टंकलेखकाकडून लेखकाकडे

मराठवाड्यातील प्रबंधलेखनाची प्रचलित रीत दीर्घकाळ अशी राहिली, की संशोधकाने फुलस्केप कागदावर हस्तलिखित तयार करावयाचे, मार्गदर्शकाने त्यावर दुरुस्त्या सुचवावयाच्या आणि अखेरीस ते टंकलेखकाकडे किंवा डीटीपी केंद्राकडे द्यावयाचे. या पद्धतीत संशोधकाला स्वतःचे यंत्र लागत नसे. परंतु तिची एक किंमतही होती. एकदा टंकित झालेले प्रकरण बदलणे म्हणजे पुन्हा चकरा आणि पुन्हा पैसे. त्यामुळे मुद्द्यांचा क्रम चुकला आहे हे लक्षात येऊनही तो तसाच राहू दिला जाई. शुद्धलेखनाच्या चुका नेमक्या कोणाच्या, लेखकाच्या की टंकलेखकाच्या, हेही सांगणे अवघड होई.

अध्यापक स्वतः टंकन करू लागला म्हणजे केवळ पैशाची बचत होते असे नव्हे. परिच्छेद वर-खाली करून पाहणे, वाक्य मोडून पुन्हा लिहिणे, नवीन संदर्भ मिळताच तो योग्य जागी घालणे, हे सर्व शक्य होते. पुनर्लेखन हाच चांगल्या संशोधनपर लेखनाचा पाया असल्याने हा बदल महत्त्वाचा आहे. म्हणून निवडीचा पहिला निकष असा मांडता येईल : ज्या यंत्रावर अध्यापक स्वतः, रोज आणि न थकता टंकन करील, ते यंत्र त्याच्यासाठी योग्य होय. जो अध्यापक हाताने लिहून डीटीपी केंद्रातच मजकूर देणार आहे, त्याने केवळ लेखनासाठी महागडे यंत्र घेण्यात फारसा अर्थ नाही.

कळफलकाचा प्रश्न

इंग्रजी लेखनात कळफलकाचा विचार क्वचितच करावा लागतो. मराठीत तो आधी करावा लागतो, कारण मराठी टंकनाच्या किमान तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिली टंकलेखन यंत्रावरून आलेली रेमिंग्टन पद्धत. शासकीय टंकलेखन परीक्षा दिलेल्या व्यक्तींच्या बोटांत ती मुरलेली असते. तिच्यात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटवावी लागते, कारण कागदावर ती आधी दिसते. दुसरी १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेली इनस्क्रिप्ट पद्धत. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. 'क' च्याच कळीवर शिफ्ट दाबल्यास 'ख' उमटतो आणि वेलांटी उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर द्यावी लागते. तिसरी रोमन अक्षरांतून उच्चारानुसार देवनागरी उमटवण्याची पद्धत. ती शिकावी लागत नाही, परंतु दीर्घ लेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाढवते आणि लेखकाला मराठी शब्दाचा रोमन अवतार सतत मनात धरावयास लावते.

या तिन्ही पद्धती दोन्ही यंत्रांवर चालतात. फरक पडतो तो कळांच्या घडणीमुळे. देवनागरीत जोडाक्षरे, काना, मात्रा, रफार यांमुळे शिफ्टचा वापर वारंवार होतो. 'दुसऱ्या' या साध्या शब्दातील अर्धा र इनस्क्रिप्टमध्ये उमटवण्यासाठीही शिफ्ट दाबावी लागते. डेस्कटॉपच्या स्वतंत्र कळफलकाच्या कळा खोल दाबल्या जातात आणि अंकांचा वेगळा संचही मिळतो. डीटीपी केंद्रांत टीव्हीएस गोल्डसारखे खटखट आवाज करणारे यांत्रिक कळफलक पसंत केले जातात, ते याच कारणाने. दिवसभर टंकन करणाऱ्या बोटांना कळ दाबली गेल्याची स्पष्ट जाणीव हवी असते. लॅपटॉपच्या कळा उथळ असतात आणि लहान आकाराच्या लॅपटॉपमध्ये काही कळा आखूडही केलेल्या असतात. शिवाय कळफलक बिघडल्यास डेस्कटॉपला नवा कळफलक लगेच जोडता येतो. लॅपटॉप मात्र त्यासाठी उघडावा लागतो.

अर्थात लॅपटॉपलाही यूएसबीद्वारे स्वतंत्र कळफलक जोडता येतो. हा उपाय साधा व स्वस्त असूनही त्याचा वापर फार कमी प्रमाणात होताना दिसतो.

लेखनाची बैठक

सलग तीन-चार तास लिहिणाऱ्या व्यक्तीच्या शरीरावर यंत्राच्या रचनेचा परिणाम होतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी, पडदा सुमारे हातभर अंतरावर असावा आणि टंकन करताना कोपर साधारण काटकोनात राहावे, ही सर्वमान्य तत्त्वे होत. डेस्कटॉपमध्ये पडदा आणि कळफलक स्वतंत्र असल्याने ती सहज पाळता येतात. लॅपटॉपमध्ये हे दोन्ही भाग बिजागरीने जोडलेले असतात. पडदा डोळ्यांपर्यंत उचलला तर हात अधांतरी राहतात आणि हात टेकवले तर मान खाली वाकते. मांडी घालून किंवा पलंगावर बसून लॅपटॉप वापरल्यास हा दोष अधिकच वाढतो. शिवाय गादीमुळे हवेची जाळी झाकली जाऊन यंत्र तापते.

ज्यांच्या घरी लेखनासाठी स्वतंत्र टेबल आहे, त्यांना डेस्कटॉपची बैठक निश्चितच लाभदायक आहे. परंतु नांदेड किंवा लातूर शहरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या, मुलांच्या अभ्यासाशी टेबल वाटून घेणाऱ्या अध्यापकाला ही सोय असतेच असे नाही. विशेषतः महिला अध्यापकांच्या वाट्याला लेखनासाठी सलग वेळ क्वचितच येतो. घरकाम आटोपल्यावर मिळालेला तास स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारीही वापरता यावा, ही त्यांची खरी गरज असते. अशा ठिकाणी लॅपटॉपचे हलवता येणे ही चैन राहत नाही. यंत्राची चिकित्सा करताना ही सामाजिक बाजू दुर्लक्षून चालणार नाही.

वीज आणि उष्णता

मराठवाड्यात यंत्राची निवड विजेच्या संदर्भाशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात तीव्र भारनियमन होते आणि ग्रामीण भागाला त्याची झळ अधिक पोहोचली. आज ती स्थिती राहिलेली नसली, तरी वळवाच्या पावसात किंवा उन्हाळ्यात वीज अचानक जाणे हा अनुभव अद्याप संपलेला नाही. लॅपटॉपची बॅटरी अशा वेळी आपोआप काम चालू ठेवते. डेस्कटॉप मात्र क्षणात बंद पडतो आणि न साठवलेला मजकूर नाहीसा होतो. यावर यूपीएस हा उपाय आहे. घरगुती यूपीएस साधारणतः दहा-पंधरा मिनिटे देतो. मजकूर साठवून संगणक रीतसर बंद करण्यासाठीच तो असतो, लेखन पुढे चालू ठेवण्यासाठी नव्हे. त्यातील बॅटरी दोन-तीन वर्षांत क्षीण होते. यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहावे आणि प्रत्यक्ष प्रसंगी तो क्षणभरही टिकू नये, असेही घडते. म्हणून वर्षातून दोनदा तरी विजेचा खटका बंद करून त्याची परीक्षा घ्यावी.

वीजवापराचे गणितही पाहण्यासारखे आहे. पडद्यासह डेस्कटॉप सरासरी १५० वॅट वीज घेतो असे धरले, तर रोज चार तासांप्रमाणे ०.६ युनिट आणि महिन्यातील २५ दिवसांत १५ युनिट वीज लागेल. ४५ वॅटचा लॅपटॉप तेवढ्याच काळात साडेचार युनिट घेईल. बिलातील हा फरक फार मोठा नाही. परंतु घरच्या इन्व्हर्टरवर पंखा आणि दिव्यांबरोबर संगणकही चालवावयाचा असेल, तर हाच फरक महत्त्वाचा ठरतो.

उष्णतेच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. नांदेड गोदावरीच्या काठी, त्याहून बरेच सखल आहे. एप्रिल-मे महिन्यांत नांदेडचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नित्याचे आहे. बहुतेक लॅपटॉप उत्पादक सुमारे ३५ अंशांपर्यंतचे वातावरण वापरास योग्य मानतात. लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य उष्णतेने आणि सतत पूर्ण भारित ठेवल्याने घटते. पत्र्याच्या छताखाली दिवसभर चार्जरला जोडून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी लवकर निकामी होते, याचे हेच कारण होय. ज्या लॅपटॉपमध्ये बॅटरीचा भार ८० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याची सोय असते, तेथे ती वापरणे हितावह ठरते. डेस्कटॉपच्या मोकळ्या पेटीत हवा अधिक खेळते. मात्र तिच्यात धूळही साचते, त्यामुळे ठराविक काळाने ती साफ करणे आवश्यक असते.

प्रवास आणि दुरुस्ती

विद्यापीठाचे मुख्य परिसर नांदेडला विष्णुपुरी येथे आहे, तर उपपरिसर लातूरला आहे. मार्गदर्शकाची भेट, मौखिकी, चर्चासत्र, उत्तरपत्रिका तपासणी यांसाठी लातूर, उदगीर, अहमदपूर, देगलूर, किनवट अशा ठिकाणांहून अध्यापकांना प्रवास करावा लागतो. मार्गदर्शकासमोर प्रकरण उघडून तेथेच दुरुस्ती करण्याची सोय लॅपटॉप देतो. ग्रंथालयात दुर्मीळ अंकातून टिपणे घेताना, क्षेत्रीय अभ्यासात मुलाखत नोंदवताना किंवा चर्चासत्रात सादरीकरण करतानाही त्याला पर्याय नाही. त्यात ध्वनिग्राहक अंगभूत असतो, त्यामुळे २०१७ पासून गुगलने मराठीसाठी उपलब्ध केलेल्या बोलून लिहिण्याच्या सोयीचाही उपयोग करता येतो.

तथापि प्रवासात यंत्राला धक्के बसतात. जुन्या प्रकारच्या फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कला चालू स्थितीत धक्का बसल्यास मजकूर कायमचा नष्ट होण्याचा संभव असतो. नव्या लॅपटॉपमधील एसएसडीमध्ये फिरता भाग नसल्याने हा धोका कमी असतो. परंतु चोरी, विस्मरण आणि पाणी यांपासून तीही वाचवू शकत नाही.

दुरुस्तीच्या दृष्टीने डेस्कटॉप सरस आहे. त्याचा वीजपुरवठा संच, स्मृती, डिस्क, पडदा हे भाग सुटे बदलता येतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ते सहज उपलब्ध होतात. लॅपटॉपचे बरेच भाग त्या-त्या नमुन्याचेच लागतात. त्याच रकमेत डेस्कटॉप अधिक मोठा पडदा आणि अधिक क्षमता देतो. जुना डेस्कटॉप विकत घेणाऱ्यांनी मात्र एक बाब ध्यानी ठेवावी. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ साठी पात्र ठरत नाहीत. केवळ लेखनाचे काम असेल, तर अशा यंत्रावर विनामूल्य लिनक्स आणि लिब्रेऑफिस बसवता येते. त्यात इनस्क्रिप्ट कळफलकाची सोय असते.

यंत्रापेक्षा महत्त्वाचे : मजकुराचे संकेतन

येथवरची चर्चा यंत्राविषयी झाली. परंतु मराठी लेखनाची सर्वांत मोठी हानी यंत्र बिघडल्याने होतेच असे नाही. पुष्कळदा ती अक्षरांच्या संकेतनामुळे होते. युनिकोडपूर्व काळात डीटीपी केंद्रांतून निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी फॉन्ट वापरले गेले. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो विशिष्ट फॉन्ट असेपर्यंत मजकूर मराठी दिसे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली, की रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक माळ समोर येई. अशा सीडी आणि पेन ड्राइव्ह आजही अनेक अध्यापकांच्या कपाटांत आहेत. मजकूर आहे, परंतु तो वाचता येत नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि विंडोज २००० पासून सर्वसामान्य संगणकावर देवनागरीची सोय मिळू लागली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्याने फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो. हा मुद्दा आता केवळ सोयीचा उरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारात असे प्रबंध जतन केले जातात. वाङ्मयचौर्यासंबंधीचे विनियम २०१८ साली लागू झाले. जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर तपासणी प्रणालीला मराठी म्हणून दिसतच नाही. शोध घेणाऱ्या पुढील अभ्यासकालाही तो सापडत नाही. म्हणजे प्रबंध भांडारात असूनही अभ्यासकांच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच राहतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांत चुका राहतात, म्हणून पुन्हा मुद्रितशोधन अपरिहार्य ठरते.

यासोबत प्रतींचा प्रश्न येतो. मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी, हा नियम सर्वत्र मानला जातो. संगणक, पेन ड्राइव्ह आणि स्वतःच्या ई-मेलवर पाठवलेली प्रत एवढ्यानेही तो पाळला जातो. एकाच पिशवीत लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह ठेवून प्रवास करणाऱ्याजवळ दोन प्रती असल्या, तरी पिशवी हरवल्यास दोन्ही एकदमच जातात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. घरी लेखनासाठी निश्चित जागा असणाऱ्या, दीर्घ प्रबंध किंवा ग्रंथ लिहिणाऱ्या आणि क्वचितच प्रवास करणाऱ्या अध्यापकास चांगल्या यूपीएससह डेस्कटॉप अधिक उपयुक्त आहे.

२. ज्यांना जागा व वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळतो, ज्यांचा प्रवास व क्षेत्रीय अभ्यास अधिक आहे आणि जेथे वीजपुरवठा अनिश्चित आहे, त्यांनी लॅपटॉप घ्यावा. त्याला घरी स्वतंत्र कळफलक जोडावा आणि लॅपटॉप चार-पाच जाड ग्रंथांच्या चळतीवर ठेवून पडद्याची उंची साधावी. त्यामुळे डेस्कटॉपच्या बैठकीचा बहुतांश लाभ मिळतो.

३. महाविद्यालयात डेस्कटॉप उपलब्ध असल्यास घरासाठी दुसरा डेस्कटॉप घेण्यापेक्षा लॅपटॉपचा विचार करावा. दोन्हीकडे एकच कळफलक पद्धत वापरावी. नव्याने टंकन शिकणाऱ्यांनी इनस्क्रिप्ट शिकणे श्रेयस्कर आहे. रेमिंग्टन पद्धत अंगवळणी पडलेल्यांनी युनिकोडमध्येच त्या मांडणीचा वापर करावा.

४. कोणत्याही यंत्रावर लिहिले, तरी मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि त्याच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात.

समारोप

लॅपटॉप किंवा डेस्कटॉप यांचे आयुष्य सर्वसाधारणपणे पाच-सात वर्षांचे असते. प्रबंधासाठी लागणारा काळही बहुधा तेवढाच असतो. म्हणजे एका प्रबंधाच्या काळात एखादे यंत्र बदलावे लागण्याचा संभव असतोच. अशा वेळी एका यंत्रावरील लेखन दुसऱ्यावर जसेच्या तसे नेता येणे, हीच खरी सुरक्षितता होय. मराठवाड्यातील अध्यापकाने पदरच्या पैशाने यंत्र घेताना आधी आपली लेखनाची जागा, वेळ आणि टंकनाची पद्धत यांचा विचार करावा आणि त्यानंतर दुकानाची पायरी चढावी. या क्रमाने निर्णय घेतल्यास त्याचा खर्च सार्थकी लागेल आणि त्याने केलेले संशोधन पुढील पिढीच्या अभ्यासकांना वाचावयास मिळेल.